चुकीमागची मराठी

(प्रस्तावना)

‘आय डिड नॉट वेंट.’ हे वाक्य मी एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आजोबांचं शिक्षण जुन्या मुंबई राज्यात झालं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजी आठवीवर ढकललं होतं, म्हणून त्यांची एबीसीडी आठवीत सुरू झाली. वडिलांची पाचवीत झाली. नातवाची पहिलीत, कारण २००० साली महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणलं. सुरुवात आठवीवरून पाचवीवर आली, पाचवीवरून पहिलीवर आली. ‘डिड नॉट वेंट’ मात्र जागचं हललं नाही.

उशिरा सुरुवात केल्याचा हा दोष असता तर नातवाच्या पिढीत तो गेला असता. बुद्धीचा म्हणावा तर आजोबा केंद्र सरकारच्या कचेरीत जन्मभर हिशेब सांभाळून निवृत्त झालेले. या चुकीचं कूळ शोधायला मराठी वाक्याकडेच जावं लागतं. ‘मी गेलो’ला नकार जोडला की ‘मी गेलो नाही’ होतं. ‘गेलो’ जसाच्या तसा राहतो, भूतकाळ त्याच्याच अंगावर असतो. ‘नाही’ नुसतं शेजारी येऊन उभं राहतं. इंग्रजीत नकाराबरोबर ‘डिड’ येतं आणि भूतकाळाचं ओझं स्वतः उचलतं. मग ‘वेंट’ने ‘गो’ होऊन मोकळ्या हाताने चालायचं असतं. आजोबा, वडील आणि नातू, तिघांनीही मराठीचा नियम इमानाने पाळला होता. फक्त भाषा दुसरी होती.

इंग्रजी बोलताना आपल्या ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याचशा याच जातीच्या: मराठीत बरोबर, इंग्रजीत चूक. हे पुस्तक अशा चुकांचं आहे. क्रियापदं, उपपदं आणि विशेषणं असे त्याचे तीन भाग केले आहेत, कारण माझ्या वर्गातल्या वह्यांवर लाल शाई सगळ्यात जास्त याच तीन ठिकाणी सांडते.

वर्ग अँटॉप हिलला भरतो, सी.जी.एस. कॉलनीत, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. कॉलनीतली मुलं येतात तशी संगम नगर आणि कोकरी आगारची माणसंही येतात. दिवसभर पार्सलं पोचवून आलेला मुलगा असतो, परळला नर्सिंग शिकणारी मुलगी असते, पालकसभेत बाईंशी चार वाक्यं नीट बोलता यावीत म्हणून येणारी आई असते. पहिल्या दिवशी सगळ्यांची मागणी एकच: ‘सर, ग्रामर नको, बोलायला शिकवा.’ मी हो म्हणतो आणि ग्रामरच शिकवतो, पण सुरुवात मराठीच्या ग्रामरने करतो. इंग्रजीच्या वर्गात मराठी व्याकरण का, असं विचारणाऱ्यांना हे पुस्तक उत्तर म्हणून देता येईल.

मराठी माणसाने इंग्रजी शिकण्याचा आणि शिकवण्याचा उद्योग मुंबईत जुना आहे, आणि त्यात तर्खडकर हे नाव वारंवार भेटतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेलं. पुढे लोक त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणू लागले. त्यांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या मुंबईच्या घरी १८७८ साली कोवळ्या वयाचा रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्याआधी इंग्रजी सुधारायला येऊन राहिला, आणि त्याला शिकवलं ते डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा हिने. ही हकिकत वर्गात सांगितली की मागच्या बाकावरच्या मुली जरा ताठ बसतात.

मग द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. या रगड्यातून इतक्या पिढ्या गेल्या की ‘तर्खडकर’ हे माणसाचं नाव न राहता पुस्तकाचंच होऊन बसलं. गिरणगावात ना. म. जोशींनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. दिवसा काम, रात्री पाटी ही परंपरा तिथली. माझा संध्याकाळचा वर्ग हे त्याच झाडाचं उशिरा फुटलेलं पान. आणि अर्थात रेन आणि मार्टिन. लाल पुठ्ठ्याचा तो ग्रंथ कपाटात असणं ही मध्यमवर्गीय घराची खूण होती, उघडला जावो अगर न जावो. त्यातले पी. सी. रेन हे इथल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, आणि वाळवंटातल्या फ्रेंच पलटणीवर कादंबऱ्या लिहून जगभर गाजले, हे तो ग्रंथ पाठ केलेल्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

या सगळ्यांचं ऋण आहे. पण रेन आणि मार्टिन इंग्रजीचा नियम इंग्रजीतूनच सांगतात, आणि तर्खडकर वाक्यं घोटून घेतात, कारणात फारसे शिरत नाहीत. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या उजेडात मराठी पाहिली. मी तोच दिवा उलटा धरून पाहिला आहे: मराठीच्या उजेडात इंग्रजी.

आता पहिला भाग, क्रियापदांचा. क्रियापदाला घाबरण्याचं मराठी माणसाला खरं तर कारण नाही. तीन वर्षांचं मराठी पोर ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’ असं सहज बोलून जातं. खाणारं तेच, क्रियापद बदललं ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याचं अडतही नाही. शिवाय जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात ही रांग आहेच. ज्याने हे डोंगर रांगता रांगता ओलांडले त्याला ‘गो’ची पाच रूपं जड का व्हावीत? गो, गोज, गोइंग, वेंट, गॉन, यादी संपली. ‘बी’ हे सगळ्यात खर्चिक क्रियापद, त्याचीही आठच.

तरी अडतं, आणि ठरावीक जागी अडतं. पहिली जागा ‘आय अ‍ॅम’. पहिल्याच धड्यात मूल ‘आय अ‍ॅम अ बॉय’ शिकतं आणि मनात नोंद करतं, ‘आय अ‍ॅम’ म्हणजे ‘मी’. ती नोंद पुढे वर्षानुवर्षं पुसली जात नाही. मग ‘आय अ‍ॅम लिव्ह इन अँटॉप हिल’, ‘आय अ‍ॅम लाइक क्रिकेट’. अशा विद्यार्थ्याला नियम सांगण्याआधी मी ‘मी आहे राहतो’ एवढंच मोठ्याने म्हणायला लावतो. तो हसतो. हसला की अर्धं काम झालं.

दुसरी जागा ‘स’. अनेकवचनाला ‘स’ लागतो हे नामांच्या धड्यात पक्कं झालेलं असतं, म्हणून ‘दे गोज’. इथे मी एवढंच सांगतो की एका वाक्यात ‘स’ एकाच्याच वाट्याला येतो: ‘द बॉय रन्स’, ‘द बॉईज रन’. नामाने घेतला तर क्रियापदाने घ्यायचा नाही. नेहमीच्या नामांपुरता हा हिशेब चोख चालतो.

तिसरी जागा सुशिक्षितांचीही: ‘आय हॅड गॉन टू दादर यस्टरडे.’ हे आपल्या ‘काल मी दादरला गेलो होतो’चं वंशज. मराठीतलं ते ‘होतो’ फार कामाचं आहे. गेलो, काम केलं, परत आलो, प्रकरण मिटलं, एवढं सगळं ते सांगतं. इंग्रजीतलं ‘हॅड गॉन’ ते काम करत नाही. भूतकाळातल्या दोन गोष्टींतली आधीची कुठली, एवढंच ते दाखवतं. ‘जी.टी.बी. नगर स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती’ यात पोचणं नंतरचं आणि गाडी जाणं आधीचं, म्हणून ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. नुसतं दादरला जाऊन आला असाल तर ‘आय वेंट’ पुरे.

चौथी जागा ‘आहे’. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शंभर रुपये आहेत, मला ताप आहे, मला माहीत आहे. मराठीचा संसार ‘आहे’वर चालतो. तेच कानात असतं म्हणून ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय अ‍ॅम नोइंग’ निघतं. इंग्रजीत ‘-इंग’ चालू असलेल्या, संपू शकणाऱ्या कामाला लागतं. भाऊ असणं हे काम नव्हे.

काळांच्या प्रकरणाची सुरुवात मी एका हाकेने केली आहे. खालून मित्र ओरडतो आणि तिसऱ्या मजल्यावरून उत्तर जातं, ‘आलो!’ गडी तेव्हा पलंगाखाली चप्पल शोधत असतो. रूप भूतकाळाचं, येणं अजून व्हायचं. इंग्रज तिथे ‘कमिंग’ म्हणेल. उद्या सहाला सुटणाऱ्या गाडीसाठी तोच इंग्रज ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स’ असं वर्तमानातलं रूप वापरेल. क्रियापदाचा काळ आणि घड्याळातली वेळ एक नसतात, हे ‘आलो’ म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला आधीच कळलेलं असतं. त्याला ते फक्त दाखवून द्यायचं.

दुसरा भाग उपपदांचा, आणि तोच मी सगळ्यात जास्त वेळा फाडून पुन्हा लिहिला. ‘मराठीत उपपदं नाहीत, म्हणून आपल्याला ‘अ’ आणि ‘द’ कळत नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यातलं पहिलं खरं आहे. हिंदीत नाहीत, तमिळमध्ये नाहीत, रशियनमध्ये नाहीत. दुसरं मात्र मला पटत नाही. ज्या भेदासाठी इंग्रजीने ‘अ’ आणि ‘द’ ठेवले, तो भेद मराठी माणूस रोज करतो.

ही दोन वाक्यं पाहा. ‘पाहुणे मुलगी बघायला आलेत.’ ‘पाहुणे मुलीला बघायला आलेत.’ पहिल्या घरात कांदेपोह्यांची तयारी असणार. दुसऱ्या घरातली मुलगी बहुधा आजारी असेल, नाहीतर परगावाहून आली असेल. फरक केला तो एका ‘ला’ने. पहिल्या वाक्यातली मुलगी अजून कुणीही असू शकते, दुसऱ्यातली ठरलेली, माहीत असलेली. पहिलीला इंग्रजीत ‘अ’ लागेल, दुसरीला ‘द’. वर्गात ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली की आधी हशा होतो, मग एकदम शांतता पसरते. ‘म्हणजे हे आपल्याला येत होतं?’ असं त्या नर्सिंगच्या मुलीने विचारलं होतं. येत होतं.

‘ला’ नसेल तर मराठी शब्दांच्या जागा बदलते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ यातलं पुस्तक कुठलंही. इंग्रजीत ‘अ बुक’. ‘पुस्तक टेबलावर आहे’ यातलं पुस्तक तुम्ही शोधत होतात ते. इंग्रजीत ‘द बुक’. आजीच्या गोष्टीतही हेच असतं. एक राजा होता. मग, त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक’, पुढे ‘त्या’. इंग्रजी उपपदांचा जन्मही असाच आहे: ‘अ‍ॅन’ आणि ‘वन’ एकाच जुन्या शब्दाची लेकरं, आणि ‘द’ हा ‘दॅट’च्या घराण्यातला. म्हणजे आपले ‘एक’ आणि ‘तो’च, बोलून बोलून झिजलेले.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ या प्रश्नात तर मराठी विद्यार्थी इंग्रजापेक्षा फायद्यात आहे. पाठ्यपुस्तक सांगतं, ए-ई-आय-ओ-यू आलं की ‘अ‍ॅन’, आणि मग अपवादांची माळ लावतं. ती माळ विसरा. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, ‘अ’ने सुरू, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ऑनेस्ट’, ‘एम.एल.ए.’, ‘एफ.आय.आर.’ यांना ‘अ‍ॅन’. ‘वन-वे स्ट्रीट’ला ‘अ’. नियम उच्चाराचा आहे आणि आपली लिपी उच्चारच लिहिते. फक्त जुन्या माणसांसारखं ‘यस.यस.सी.’ म्हणत असाल तर आधी ‘एस.एस.सी.’ म्हणायला शिका, नाहीतर ‘अ‍ॅन’ हुकेल.

सगळंच असं मराठीतून उलगडत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मूल ‘टू स्कूल’ जातं, पण पालकसभेला आई ‘टू द स्कूल’ जाते. शिकायला जाणं आणि नुसतं त्या इमारतीत जाणं, असा भेद इंग्रजी करते. आणखी एक उदाहरण आमच्याच पत्त्याचं. अँटॉप हिल ही एक टेकडी, तिला ‘द’ लागत नाही. मलबार हिललाही नाही. दादर, परळ, लालबागला नाही. नदीला मात्र लागतं, मग ती थेम्स असो की आपली मिठी. हार्बर लाइनलाही लागतं. इथे कारण विचारत बसण्यापेक्षा पाठ करावं, असं मी स्पष्ट लिहिलं आहे.

तिसरा भाग विशेषणांचा, तो लहान आहे, कारण तिथे मराठी माणसाची चैन आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक, चांगले दिवस, असं आपलं विशेषण नामामागे कपडे बदलत फिरतं. इंग्रजी विशेषणं सगळी आपल्या ‘लाल’ आणि ‘सुंदर’सारखी, कुणापुढेही बदलत नाहीत. अनेक विशेषणं ओळीने आली तर त्यांचा क्रम पाठ करायला लावणारे तक्ते असतात. त्यांतलं पुष्कळसं कानाला ठाऊकच असतं. ‘लाकडी जुनी खुर्ची’ असं कुणी म्हणतं का? ‘जुनी लाकडी खुर्ची’, इंग्रजीतही तसंच. ‘मोठी लाल बस’, तिथेही तसंच.

अडचण तुलनेत येते. आपण ‘पेक्षा’ दुसऱ्याला जोडतो आणि विशेषणाला हात लावत नाही: दादापेक्षा ताई उंच. इंग्रजीत विशेषणालाच बदलावं लागतं: ‘टॉलर’. ही सवय नसल्याने विद्यार्थी एकाऐवजी दोनदा बदलतो आणि ‘मोअर बेटर’ म्हणतो. ‘बेस्ट’च्या आधी ‘द’ घालायचा, हे इतकं पाठ झालेलं असतं की एकाने ‘आय केम बाय द बेस्ट बस’ असं लिहिलं. बिचारा महापालिकेच्या ‘बेस्ट’ने आला होता; कागदावर ती मुंबईतली सर्वोत्तम बस झाली.

आणि एक जोडी जपण्याची. ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळवाणा, ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला. ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’चं तेच. मुलाखतीच्या सरावात ‘आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला या पुस्तकात स्वतंत्र पान दिलं आहे.

उदाहरणांबद्दल दोन शब्द. आचार्य अत्र्यांनी नवयुग वाचनमाला तयार करून मराठी पाठ्यपुस्तकांत जिवंतपणा आणला. त्यांच्या नावाचं मोनोरेलचं स्थानक अँटॉप हिलच्या शेजारचंच आहे. त्या शेजाराला जागून या पुस्तकातली वाक्यं इथली घेतली आहेत: इथली स्टेशनं, इथले पाण्याचे वार, इथल्या भाड्याच्या खोल्या. चुकांची वाक्यं माझ्या विद्यार्थ्यांची आहेत. त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, पण हे पुस्तक जितकं माझं आहे तितकंच त्यांचं.

पुस्तक कसं वापरावं? शेजारी एक वही ठेवा. इंग्रजी वाक्य चुकलं की लगेच खोडू नका. त्याच्या वर, ते बोलताना डोक्यात जे मराठी वाक्य होतं ते लिहा. मग दोन्ही ओळी एकाखाली एक वाचा. महिनाभरात तुमच्या लक्षात येईल की आपल्या चुका शंभर नाहीत, आठ-दहाच आहेत. त्याच कपडे बदलून येतात.

या पुस्तकातही चुका राहिल्या असतील. सापडल्या तर जरूर कळवा. मात्र नुसती दुरुस्ती पाठवू नका. ती चूक माझ्या हातून का झाली असावी, तेही लिहा.

अँटॉप हिल, मुंबई